तबकडीची दुसरी बाजू

वसई-विरार म्हटलं की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा गर्दी उभी राहते. त्यात त्यांचा दोष नाही. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल निघाली, तेव्हा दिवसाकाठी जायला एक आणि यायला एक अशी गाडी होती म्हणे. आज विरार फास्टच्या बायकांच्या डब्यात चौथ्या सीटवर नुसतं टेकायला मिळालं, तरी आम्ही तो दिवस सुखाचा मानतो. गर्दीच्या पाठोपाठ किल्ला आठवतो, किल्ल्यापाठोपाठ केळी आणि सुकेळी, आणि फार तर रविवारी सहलीला येऊन खाल्लेली मासळी. संगीताचं नाव कुणी काढत नाही. ‘वसईला जाऊन गाणं ऐकून आलो’ असं सांगणारा मनुष्य मला अजून भेटायचा आहे. मग वसई आणि जाझ हे दोन शब्द एका वाक्यात आणले तर वाचक मला काय म्हणतील, याची कल्पना मला आहे.

गेली अठरा वर्षं मी इथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर मिरजेचं, म्हणजे सतारी-तंबोऱ्यांच्या गावचं. कानावर पडायचं ते अब्दुल करीम खाँसाहेबांचं, नाही तर बालगंधर्वांचं. पुण्याला एम.ए. करत असताना वसतिगृहात एक गोव्याची मुलगी शेजारच्या खोलीत राहत असे. तिच्याजवळ लुई आर्मस्ट्राँगची एक जुनी कॅसेट होती. ती ऐकली आणि हे वेड लागलं ते लागलंच. तेव्हापासून सकाळी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या, दुपारी व्याकरण, आणि रात्री घरातली सगळी निजली की ट्रंपेट असा माझा दिनक्रम आहे. एका सहकारी बाईंनी ‘मराठीची बाई असून जाझ ऐकते!’ हे वाक्य अशा सुरात म्हटलं होतं, की जणू मी चोरून तीन पत्ती खेळते.

वास्तविक आपल्या माणसाला जाझ समजायला कठीण नाही. बंदिश ठरलेली आणि विस्तार आयत्या वेळचा, एवढं सूत्र ध्यानात ठेवलं की झालं. चार-सहा वादक एक धून मिळून वाजवतात, मग एकेक जण पुढे येऊन ती आपल्या मनाप्रमाणे उलगडतो, आणि शेवटी सगळे पुन्हा मूळ धुनेवर, म्हणजे समेवर म्हणा ना, येतात. गोची एवढीच, की जे आयत्या वेळचं आहे ते हवेत विरून जातं. तबकडीवर धरलं तेवढंच उरतं. म्हणून जाझच्या शौकिनाला नुसते कान असून भागत नाही. थोडी पुराणवस्तू-संशोधकाची दृष्टी लागते आणि थोडी भंगारवाल्याची.

आणि या दोन्ही दृष्टींना वसईसारखा मुलूख नाही. स्टेशनच्या पूर्वेला तोंड वळवलं तर इमारतींचं जंगल. २०११च्या जनगणनेतच इथली वस्ती बारा लाखांवर गेली होती, त्यानंतर किती वाढली ते आमच्या नळाच्या पाण्याला विचारावं. पण पश्चिमेला पारनाका ओलांडून पापडीच्या, गासच्या, निर्मळच्या बाजूला गेलं की अजून वाड्या आहेत. रस्त्याच्या वळणावर पांढरा क्रूस, त्याच्यामागे केळी, पानवेली, आणि मधेच हिरव्या पाण्याचं बावखल. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं मोठं तळं. मोगरा आणि सोनचाफा पहाटेच्या गाडीनं दादरला जातो. इथले ख्रिस्ती लोक चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणतात आणि घरी कादोडी किंवा वाडवळी बोलतात. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं, पण आमच्या वर्गात पहिल्या बाकावरच्या निम्म्या मुलींची आडनावं डिसोझा, घोन्साल्विस आणि लोपीस अशी असतात, आणि व्याकरणात त्या कुणाला हार जात नाहीत.

हरवणं आणि सापडणं हा तर इथला जुना धंदा आहे. नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट नावाचं एक टेकाड लोक शतकानुशतकं पाहत होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं आणि आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा इथे मिळाला. नवव्याचा तुकडा मिळाला तो १९५६ साली, भुईगावला. दोन तुकड्यांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षं गेली, आणि बाकीच्या लेखांचे दगड कुणाच्या पायरीला किंवा विहिरीला लागले असतील, ते देवाला ठाऊक. एकच मजकूर सम्राटानं गिरनारपासून ओरिसापर्यंत ठिकठिकाणी कोरवून घेतला. मी वर्गात याला गमतीनं ‘अशोकाच्या आवृत्त्या’ म्हणते. आमची सोपाऱ्याची प्रत फुटकी निघाली, इतकंच.

किल्ल्याची गोष्ट याच्या उलट आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात देवळादेवळांतून गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी टांगली आहे, ती १७०७ सालची. वसईचा आवाज ऐकायचा तर नाशिक-वाईला जायला हवं. किल्ल्यात उरल्या आहेत त्या घंटा नसलेल्या भिंती, आणि त्यांच्यासमोर लग्नाआधीचे फोटो काढून घेणारी जोडपी.

आता मूळ विषयाकडे येते. जाझची पहिली तबकडी न्यूयॉर्कमध्ये २६ फेब्रुवारी १९१७ रोजी मुद्रित झाली. आपल्याकडे गौहरजानचं गाणं कलकत्त्यात १९०२ सालीच टिपलं गेलं होतं. म्हणजे या बाबतीत आपण पंधरा वर्षांनी पुढे आहोत, आणि हे मी जाझच्या मंडळींना आवर्जून ऐकवते. शिवाय त्या जुन्या काळ्या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलातून जायची. पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली लाख कलकत्त्याहून बोटीनं विलायतेला आणि अमेरिकेला जायची, आणि तिच्यात आर्मस्ट्राँगची ट्रंपेट कोरली जायची. १९४२ साली युद्धामुळे अमेरिकेत लाखेवर निर्बंध आले, तेव्हा तिकडचं तबकड्यांचं उत्पादन एकदम घटलं. आपल्या आदिवासींनी गोळा केलेल्या लाखेवाचून अमेरिकेचं गाणं अडलं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का घालत नाहीत कोण जाणे.

पण तबकडीवर जे आलं त्यापेक्षा जे आलं नाही त्याचीच चुटपुट शौकिनाला अधिक. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन हा जाझचा आद्य पुरुष. त्याचं कॉर्नेट नदीपलीकडे ऐकू जायचं असं सांगत. १९०७ साली तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तिथेच वारला. त्याचा एक नाद मागे राहिला नाही. एक मेणाची नळकांडी म्हणे भरली होती, ती शंभर वर्षं लोक शोधताहेत. हे वाचलं की मला आपले भास्करबुवा बखले आठवतात. १९२२ साली बुवा गेले. त्यांच्या शिष्यांची गाणी आहेत, बालगंधर्वांनी गायलेल्या त्यांच्या चाली आहेत, पण खुद्द बुवांचा आवाज नाही. बोल्डननंतरचा फ्रेडी केपार्ड रेकॉर्ड करायला तयार नव्हता. का, तर आपली चीज दुसरे उचलतील! आपल्या अल्लादिया खाँसाहेबांचीही बाजारात आलेली एकसुद्धा तबकडी नाही. दोन माणसं पृथ्वीच्या दोन टोकांची, दोघांनाही एकमेकांचं नाव माहीत असण्याची शक्यता नाही, आणि चिंता मात्र एकच. पण विचार करा, त्या चिंतेपायी किती नुकसान झालं!

खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीही तबकड्या हात राखूनच दिल्या. पण त्यातली एक कुठे पोहोचली पाहा. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं आकाशात सोडली. त्यांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, साडेतीन मिनिटांची. तिची मूळ रेकॉर्ड मिळता मिळेना, अखेर न्यूयॉर्कमधल्या एका हिंदी कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात सापडली. त्याच सोनेरी तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगची १९२७ सालची एक धून आहे. दुसरं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. केरी गावची बाई आणि न्यू ऑर्लिन्सचा लुई आज सूर्यमालेच्या पलीकडे एकाच तबकडीवरून चालले आहेत. माझ्या त्या सहकारी बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं बाई!” आणि विषय बदलला.

जुन्या मुद्रणांच्या नव्या आवृत्त्या निघतात, त्यांविषयी माझी मतं जरा कडक आहेत. मराठीच्या मास्तरणीला पाठभेदांचं व्यसन असतंच. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या गोळा करून शुद्ध प्रत सिद्ध केली. त्यांना किती पाठ टाकावे लागले असतील! चार्ली पार्करनं एकेका धुनेच्या चार-चार, पाच-पाच खेपा वाजवल्या. पहिल्यांदा त्यातली एकच बाजारात आली. पुढे टाकलेल्या खेपाही छापल्या गेल्या, आणि काही वेळा टाकलेलीच मला सरस वाटते. माइल्स डेव्हिसची १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जाझमधली सर्वांत गाजलेली तबकडी. तिच्या पहिल्या बाजूवरचं वादन मुळापेक्षा किंचित चढ्या सुरात ऐकू येत होतं, कारण मुद्रणाच्या वेळी एक यंत्र सावकाश फिरत होतं. तेहेतीस वर्षं जगानं ते तसंच ऐकलं, कित्येकांनी त्यावर हात बसवला, आणि १९९२ साली कुणीतरी ते दुरुस्त केलं. नाथांचं काम याहून फार वेगळं नव्हतं.

सापडण्याच्या कथाही रसाळ आहेत. थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन हे दोघे १९५७ साली काही महिने एकत्र वाजवत होते. त्याचं चांगलं मुद्रण फारसं नाही म्हणून रसिक हळहळत. २००५ साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात जुन्या फिती चाळताना एका माणसाला त्या वर्षीच्या २९ नोव्हेंबरच्या मैफलीची फीत मिळाली. अट्ठेचाळीस वर्षं ती फळीवर पडून होती, हरवलेली नव्हतीच. कोल्ट्रेनचा १९६३ सालचा एक सबंध संच तर त्याच्या पहिल्या पत्नीच्या घरच्यांकडे होता, तो २०१८ साली निघाला. दुसऱ्या बाजूला, २००८ साली हॉलिवूडमध्ये एका मोठ्या कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि असंख्य मूळ फिती जळाल्या. जगाला त्याचा खरा पत्ता लागला २०१९ साली. घरी ठेवलेलं वाचतं आणि गोदामात ठेवलेलं जळतं, असा काही नियम यावरून काढू नये, पण मला मोह होतो.

आपल्या मुंबईच्या जाझचं काय झालं? १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा निग्रो वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. (त्या काळचा शब्द वापरते आहे, आज ‘कृष्णवर्णीय’ म्हणावं.) पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आला. त्याच्या ताफ्यानं १९३६ साली ‘ताजमहाल’ नावाचा फॉक्सट्रॉट मुंबईत मुद्रित केला. पियानोवाला टेडी वेदरफोर्ड तर इथलाच होऊन राहिला आणि १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं वारला. या मंडळींकडे बघून गोव्याची मुलं शिकली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला. ‘हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग’ म्हणत त्याला. पुढे दारूबंदी आली, हॉटेलांतले रात्रीचे कार्यक्रम आटले, आणि ही सगळी वाद्यं चित्रपटांत शिरली. आमच्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, चिक चॉकलेटला हाताशी धरलं. ‘अलबेला’त भगवानदादांच्या मागे तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. मराठी घरांत ज्यांनी जाझचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही त्यावर पाय धरला होता. पण गाण्याच्या तबकडीवर नाव कुणाचं? गायकाचं, संगीतकाराचं, फार तर गीतकाराचं. ट्रंपेटवाल्याचं कधीच नाही. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली या काळावर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ नावाचं पुस्तक काढलं, तेव्हा कुठे काही नावं उजेडात आली.

ही सगळी वाचलेली विद्या. मास्तर भेटले ते मात्र विद्यार्थिनीमुळे. दोन वर्षांपूर्वी ‘माझ्या गावचे लोकसंगीत’ असा प्रकल्प दिला होता. एका मुलीनं लिहून आणलं, ‘आमच्या आजोबांचा बँड लग्नाला वेगळा आणि मयताला वेगळा वाजत असे. वाद्ये तीच होती.’ न्यू ऑर्लिन्सविषयी जी पुस्तकं आहेत त्यांत हेच वाक्य थोड्याफार फरकानं सापडतं. तिथेही पितळी वाद्यांचे ताफे मयताबरोबर जाताना संथ प्रार्थनागीत वाजवत आणि परत येताना नाचरं. मी तिला म्हटलं, “आजोबांना भेटायचं आहे.”

गावाचं नाव मी लिहीत नाही, मास्तरांना गर्दी नको आहे. वय शहाऐंशी. ओसरीवर झोपाळा, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला टांगलेली ट्रंपेट. दात गेल्यामुळे ती आता वाजत नाही, पण दर शनिवारी चिंच लावून घासतात.

“बाई, तुम्ही मराठी शिकवता ना? मग हे कशाला?” त्यांचा पहिला प्रश्न.

मी म्हटलं, “बाबा, ऐकायला आवडतं म्हणून.”

“मग बसा,” म्हणाले. आतून सूनबाईंनी सुकेळी आणि चहा आणला.

मास्तर ट्रंपेट वाजवीत आणि त्यांचे थोरले बंधू क्लॅरिनेट. दोघांना स्वरलिपी चर्चच्या शाळेतल्या गुरुजींनी शिकवली. लग्नसराईत बँड, बाकी वर्षभर वाडी. साठीच्या दशकात मास्तर मुंबईला जात. कुणी वादक आजारी पडला की हॉटेलातून नाही तर चित्रपटाच्या स्टुडिओतून निरोप यायचा. सकाळी भाजीच्या टोपल्यांबरोबर गाडीत चढायचं, दिवसभर वाजवायचं, आणि शेवटच्या गाडीनं यायचं. एका प्रसिद्ध गाण्यात दोन कडव्यांच्या मध्ये ट्रंपेटचा जो तुकडा आहे तो आपला आहे, असं ते सांगतात. गाण्याचं नाव इथे देत नाही, कारण कागदी पुरावा एकही नाही. मी तो तुकडा शंभरदा ऐकला आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत येण्याची एक लकब त्यात आहे, थोडीशी आळसावलेली. त्यावरून माझं मन मास्तरांच्या बाजूनं कौल देतं. परंतु मनाचा कौल हा काही पुरावा नव्हे, हे मीच मुलांना शिकवते.

त्यानंतर मी रविवारी जाऊ लागले. गेल्या पावसाळ्यानंतर वाडीचा सौदा ठरला. मुलगे परदेशी, नातीला शिकून मुंबईतच राहायचं आहे, केळीला पाणी घालणार कोण? मास्तर कुणाला दोष देत नाहीत. “आम्ही पण आमच्या बापाची बैलं विकून इंजिन आणलं होतं,” एवढंच म्हणाले. पण घर पडायचं म्हणजे माळा रिकामा करायला हवा. माळ्यावर थोरल्या भावानं जमवलेल्या तबकड्यांची खोकी होती. भंगारवाला लाखेच्या तबकड्या वजनावर मागत नाही, कारण त्यांचं त्याला काही करता येत नाही. तो म्हणाला, खोकी नेतो, आतलं टाकून देतो. सूनबाईंनी घाईघाईनं मला फोन केला.

आतापर्यंत एकशे बेचाळीस तबकड्या उतरवल्या. एकतीस फुटलेल्या. बहुतेक चित्रपटांच्या, काही कोकणी, दोन बालगंधर्वांच्या (ख्रिस्ती घरात बालगंधर्व पाहून मला भरून आलं, मास्तर म्हणाले, “त्यात काय, ऑर्गन चांगला आहे”), आणि विलायती नाचांच्या काही. दुर्मीळ असं काही नाही, हे सांगून टाकते. शौकिनाच्या गोष्टीत शेवटी एक अनमोल तबकडी निघावी लागते, तशी निघाली नाही. निघाली ती एक कॅसेट.

१९८३ सालच्या मे महिन्यात बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आखातातून आलेल्या कुणा नातेवाइकानं नवा टू-इन-वन मांडवाच्या खांबाला टांगला आणि बटण दाबलं. मास्तर आणि त्यांचे बंधू एकत्र वाजवताहेत असं हे एकमेव मुद्रण. बंधू पुढल्याच वर्षी वारले. मास्तरांनी ती कॅसेट त्यानंतर दोनदा लावली. “वाजवली की झिजते,” म्हणाले, “आणि शिवाय दादा एका ठिकाणी चुकला आहे.”

मला ती कॅसेट हवी होती. ऐकायला हवी होती आणि तिची दुसरी प्रत व्हायला हवी होती. चाळीस वर्षांपूर्वीची फीत, आज आहे, उद्या चिकटून बसेल. हे मी तीन रविवार वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं. मास्तर ऐकून घेत आणि चहा आला की विषय बदलत. चौथ्या रविवारी मी केसरबाईंच्या तबकडीची हकिगत सांगितली, ते यान, तो आर्मस्ट्राँग, सगळं. ते बराच वेळ झोपाळ्यावर गप्प होते. मग विचारलं, “त्या तबकडीला दुसरी बाजू आहे?”

“आहे, बाबा.”

“कोण उलटवणार?”

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण त्यांनी उठून कपाट उघडलं. अट एकच. दादाची चूक काढायची नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या एका मुलाला या कामाची हौस आहे. त्यानं फीत हलक्या हातानं दुसऱ्या खोळीत बसवली, संगणकावर उतरवली, आणि मला कानाला लावायला दिली. आरंभी मांडवाचा गलबला, कुणी तरी कुणाला तरी पाट आणायला सांगतंय, पोरांचं रडणं. एक सिनेमाची धून, मग एक वॉल्ट्झ, दोन्ही बेताच्या. आणि चौदाव्या मिनिटाला बहुधा जेवणं सुरू झाली असावीत. लोकांचं लक्ष नाही असं पाहून दोघा भावांनी आपल्यापुरतं वाजवायला घेतलं. ट्रंपेटनं एक वाक्य म्हणायचं, क्लॅरिनेटनं ते उलटं फिरवून परत द्यायचं. मध्येच क्लॅरिनेट किंचाळतं, ती दादांची चूक. आणि त्या किंचाळण्यालाच ट्रंपेट हसून उत्तर देते. सात-साडेसात मिनिटं हे चालतं. याला जाझ म्हणावं का? कडक परीक्षक नाही म्हणतील. ठेका बँडचा आहे, स्वरमेळ चर्चचा आहे. मी मात्र माझ्या कपाटात ही प्रत किंग ऑलिव्हरच्या शेजारी ठेवली आहे.

सगळ्या फितीवर एक एकसुरी घरघर होती. तो मुलगा म्हणाला, “बाई, ही काढू? दोन मिनिटांचं काम आहे.” नव्या आवृत्त्यांतून खरखर काढताना आवाजातलं मांसही काढतात, असं माझं जुनं मत. मी म्हटलं, आधी मास्तरांना ऐकवू.

मास्तरांनी कानाला लावलं. पहिल्या अर्ध्या मिनिटातच त्यांनी हात वर केला. मला वाटलं, बंद करायला सांगताहेत.

“इंजिन!” म्हणाले. “आमचं किर्लोस्करचं इंजिन. त्या दिवशी पाणी सोडलं होतं केळीला. लग्न असलं म्हणून काय झालं.” आणि आतल्या बाजूला तोंड करून सूनबाईंना हाक मारली, “अगो, ये, इंजिन ऐक!”

ती घरघर आता प्रतीत आहे तशी आहे. एक प्रत मधल्या मुलाकडे कॅनडाला गेली, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, एक माझ्याजवळ. मूळ कॅसेट मास्तरांच्या कपाटात, आणि आता ते घर सोडून जातील तिथल्या कपाटात.

राहिली दुसरी बाजू. तिच्यावर लग्नाचा उरलेला अर्धा भाग होता, संध्याकाळचा, आणि मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे दादा खरे वाजवले ते संध्याकाळीच. कॅसेटच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकच्या दोन टिकल्या कुणी मोडल्या नव्हत्या. त्या मोडल्या की वरून काही भरता येत नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार? मधल्या मुलानं दहावीच्या वर्षी त्यावर इतिहासाची उत्तरं आपल्या आवाजात पाठ करायला भरून ठेवली. पंचेचाळीस मिनिटं तो फुटत्या आवाजात वाचतो आहे. सतराव्या मिनिटाला चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीची कारणं येतात, मुद्द्यांसहित. शेवटच्या उत्तरानंतर फीत वीस-पंचवीस सेकंद शिल्लक आहे. तिथे क्लॅरिनेटचे चार स्वर ऐकू येतात आणि फीत संपते. आम्ही हीही बाजू उतरवून ठेवली. मास्तरांनी ती पूर्ण ऐकली, उत्तरांसकट, आणि मुलाला कॅनडाला फोन लावून सांगितलं, “सनावळी बरोबर आहे तुझी.”

माळ्यावरची शेवटची दोन खोकी पुढच्या रविवारी उतरवायची आहेत. मास्तर म्हणतात, त्यात काही नाही, नुसती चर्चची गायनं आहेत. मी दोन पिशव्या घेऊन जाणार आहे.